जासिंतचा कोंडवाडा

जासिंत आल्मेडा रोज सकाळी नऊ वाजता काय करतो, हे आमच्या रुग्णालयात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर त्याच्या खोलीसमोर केसपेपरच्या खिडकीत बावीस वर्षं बसते आहे. नऊला दार लागायचं, साडेनऊला उघडायचं आणि तो चहा मागायचा. आम्ही म्हणायचो, पेपर वाचत असेल. खरं काय ते कळायला त्याच्या जोडीला काम करणाऱ्या मंगेशची बायको मरावी लागली.

रुग्णालय ट्रस्टचं, कणकवलीहून ओरोसकडे जाताना हायवेला लागून. जासिंत मालवणकडच्या खाडीकाठचा, पन्नाशीचा. कॉलेजात कधी गेला नाही. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. सगळं आपलं आपण शिकला आणि शिकलेल्याचा मनातून भारी ताठा. चादरी ठेवायच्या जुन्या खोलीत त्याने रुग्णालयाच्या ईमेलचा सर्व्हर मांडला होता. बोलायचा कमी, आणि बोललाच तर कोणीतरी घरचा पेनड्राइव्ह आणला म्हणून.

त्याची ही विषाणूंची धास्ती मला चार वर्षांपूर्वीपर्यंत हास्यास्पद वाटायची. मग एका सोमवारी मला एक मेल आला. आमचे रक्ताचे नमुने ज्या गोव्याच्या लॅबकडे जातात तिच्या नावाने. 'रिपोर्ट तातडीचा' एवढंच लिहिलेलं, खाली फाइल. समोर रांग, एका म्हाताऱ्याची कटकट चाललेली. मी फाइल उघडली. दुपारपर्यंत रुग्णालयातला एकही कॉम्प्युटर उघडेना. चार दिवस आम्ही कागदावर काम केलं, आणि दोन वर्षांचे केसपेपर गेले ते गेलेच.

ट्रस्टच्या कमिटीने विचारलं, कोणी उघडलं? जासिंत म्हणाला, शोध लागत नाही. संध्याकाळी माझ्या खिडकीशी आला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "तुझ्या मशीनातसून इलो तो व्हायरस. माका म्हायत आसा. तू कोणाक सांगू नको, मीय सांगूचंय नाय." बस्स. त्यानंतर हा विषय त्याने माझ्यापाशी कधी काढला नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्या चहात स्वतः साखर घालायला लागले. दुसरं करण्यासारखं काय होतं माझ्याकडे?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जासिंतने मग सर्व्हरच्या पुढे आणखी एक कॉम्प्युटर नाक्यासारखा उभा केला. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी तिथे थांबणार, त्याच्या फाइली तपासल्या जाणार, त्यात विषाणू नसला तरच आत. नव्या नव्या विषाणूंची यादी रोज पहाटे आपोआप उतरायची. संशयित मेल एका वेगळ्या पेटीत पडायचे. त्या पेटीला आम्ही नाव ठेवलं कोंडवाडा, मोकाट गुरं कोंडतात तसा. पासवर्ड एकट्या जासिंतकडे. बाहेरून उघडायची सोय त्याने ठेवलीच नव्हती, त्या खोलीत बसूनच उघडायचा. कोणी म्हणालं, दुसऱ्या कोणाला तरी देऊन ठेव, तर म्हणायचा, "चावये दोन झाले काय कुलपाक काय अर्थ रवता?"

हे 'दुसरं कोणी' म्हणजे मंगेश. जासिंतचा जोडीदार, वायरी ओढणं, प्रिंटर, शाई ही त्याची कामं. स्वभावाने गरीब, घर दोन कोसांवर, काजूची थोडी झाडं. या दोघांत एक करार होता, कागदावर नसलेला. चवथीत, म्हणजे गणपतीत, मंगेश आठ दिवस घरी आणि जासिंत दोघांचं काम बघणार. नाताळात जासिंत घरी आणि मंगेश दोघांचं बघणार. सणात असलेल्याला फोन करायचा नाही. काही झालं तरी नाही. चवथ झाली की मंगेशच्या घरून करंज्या यायच्या, नाताळ झाला की जासिंतकडून नारळ-गुळाचा दोदोल. अकरा वर्षं हे चाललं होतं, आणि आम्ही बाकीचे भांडकुदळ लोक त्यांचं कौतुक करायचो.

आता नऊ वाजताची गोष्ट. गोव्याची लॅब रिपोर्ट पाठवते ते पासवर्ड घातलेल्या फाइलीत, पेशंटचं खासगीपण म्हणून. कुलूपबंद फाइलीच्या आत नाक्यावरच्या कॉम्प्युटरला बघता येत नाही. त्यामुळे लॅबचा प्रत्येक रिपोर्ट कोंडवाड्यात पडायचा. लॅबचा पत्ता विश्वासाच्या यादीत टाकला असता तर रिपोर्ट सरळ आत आले असते. पण मला फसवलं ते त्याच लॅबच्या नावाने. म्हणून जासिंतने तो पत्ता यादीत टाकला नाही. रोज नऊला दार लावून तो एकेक रिपोर्ट स्वतः तपासायचा, खरा असला तर सोडायचा. साडेनऊपर्यंत डॉक्टरांना मिळायचे. कोणाला वाटलंच नाही की मध्ये एक माणूस आहे. मंगेशलाही नाही. आणि जासिंतने सांगितलं नाही. आपण किती राबतो ते सांगणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मला याचा अजून राग येतो.

एरवी नाताळात सव्वीस तारखेला तो मोटरसायकलवरून अर्ध्या तासासाठी येऊन, अडकलेले रिपोर्ट सोडून जायचा. गेल्या वर्षी आला नाही. आग्नेस, त्याची बायको, मडगावकडची. तिची आई अंथरुणाला खिळलेली. आग्नेस म्हणाली, आईचा हा शेवटचा नाताळ, आठवडाभर तिथेच राहू. जासिंतने विचार केला, लॅब गोव्याची. नाताळात गोव्यात कोण काम करतो? दोन तारखेपर्यंत रिपोर्टच येणार नाहीत. तेवीसच्या संध्याकाळी तो निघाला.

लॅब त्याच्या आदल्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीने घेतली होती. पंचवीस तारखेचा एक दिवस सोडला तर ती रोज चालू होती. हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं.

चोवीसला मंगेशने बायकोला, रश्मीला, आमच्याकडे दाखल केलं. चार दिवस ताप. पंधरवडाभर काजूखालचं गवत काढत होती, मग एके दिवशी अंग तापलं. मलेरिया नाही, डेंगी नाही. बदलीवर आलेल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण मन लावून बघणाऱ्या. त्यांनी सलाइनमधून इंजेक्शनं सुरू केली आणि रक्त गोव्याला पाठवलं. पंचवीसला लॅबला फोन केला. कोणी उचलला नाही. झालं. लॅब बंद आहे हे सगळ्यांचं पक्कं झालं.

मंगेश खाली दोघांचं काम करत होता आणि तासातासाने वर वॉर्डात जात होता. अठ्ठावीसला माझ्या खिडकीशी आला. दाढी वाढलेली.

"जासिंताक फोन करू काय गो? गोव्यातच आसा तो. लॅब उघडी आसा काय बंद, बगून तरी येयत."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "नाताळात कित्याक त्रास देतंस तेका? तो तुका चवथीत कधी फोन करता? आणि लॅब बंदच आसतली."

"ता पण खरा," म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

तीस तारखेला सकाळी रश्मीला दम लागला. डॉक्टरबाईंनी कोल्हापूरला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स गेली, मंगेश सोबत गेला. ती फोंडाघाटाला पोचायच्या आधी डॉक्टरबाईंनी पुन्हा लॅबला फोन लावला, या वेळी लागला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट सव्वीसलाच मेल केलाय."

सगळ्या मशीनांवर शोधलं. कुठेच नाही. मग मी जासिंतला फोन केला. रश्मीचं सांगितलं. तो म्हणाला, "माझी खोली उघड. मी सांगतंय तसा कर."

पासवर्ड त्याने एकेक अक्षर करून सांगितला, आकडे, चिन्हं, सगळं. तीन वर्षं कोणाला न दिलेला. कोंडवाडा उघडला. आत लॅबचे नऊ मेल. पहिलाच सव्वीस तारखेचा, सकाळी सात वाजून बारा मिनिटांचा, रश्मीच्या नावाचा. आणि वर लिहिलेलं, 'रिपोर्ट तातडीचा'.

मी माउसवरून हात काढला. हेच शब्द, याच लॅबचं नाव.

"उघड गो," जासिंत म्हणाला. "माझ्या जबाबदारीर उघड."

लॅबच्या फाइलींचा नेहमीचा पासवर्ड घालून उघडला. गवतातल्या बारीक किड्यापासून होणारा ताप. रश्मीला जी इंजेक्शनं चालली होती त्यांचा त्यावर काडीचा उपयोग नाही. ज्या गोळीचा होतो ती आमच्याच औषधांच्या कपाटात होती, वरून दुसऱ्या खणात. डॉक्टरबाईंनी कोल्हापूरला फोन केला, तिथे पोचताच गोळी सुरू झाली. एकतीसला पहाटे रश्मी गेली.

जासिंत तीसलाच दुपारी येऊन पोचला होता. नाताळचा नवा शर्ट धुळीने माखलेला. खोलीत जाऊन त्याने उरलेले आठ रिपोर्ट सोडले आणि नंतर खुर्चीत बसून राहिला. मी चहा ठेवला. त्याने घेतला नाही.

पंधरवड्याने कमिटी बसली. जासिंतने उभं राहून सगळं सांगितलं. नऊ वाजताचं, विश्वासाच्या यादीचं, लॅब बंद असेल असं धरून चालल्याचं. स्वतःची बाजू म्हणून एक वाक्य बोलला नाही. एक सभासद म्हणाले, "म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं की." मला त्यांच्या तोंडावर रजिस्टर फेकून मारावंसं वाटलं. मग त्यांनी मंगेशला विचारलं, "तुम्ही आल्मेडांना आधीच फोन का नाही केलात?"

मी समोरच बसले होते. मंगेशने माझ्याकडे बघितलं नाही.

"डोक्यात आलं नाही, साहेब," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं नाही. तीन वर्षांपूर्वी एकाने मला झाकलं, आता दुसऱ्याने. दोन्ही वेळा मी झाकून घेतलं.

कमिटीने जासिंतला ताकीद देऊन कामावर ठेवलं. बाहेर आल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून मंगेशपुढे धरला. पासवर्ड होता. मंगेशने लगेच हात पुढे केला नाही.

"आता कित्याक?" म्हणाला. आवाज चढवला नव्हता. कागद मात्र घेतला, आणि तेव्हापासून रोज नऊ वाजता तोच आधी त्या खोलीत जातो. दोघं शेजारी बसून एकेक रिपोर्ट सोडतात. कामापलीकडे बोलत नाहीत. या वर्षी चवथीनंतर करंज्या आल्या नाहीत. करणारीच नव्हती.

खोलीच्या दारावर आता जासिंतच्या हातचा कागद आहे: अडलं तर केव्हाही फोन करा, सणातही. खाली नंबर. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू असतानाही त्याचा फोन चालू असतो, पाद्रींनी दोनदा सुनावलं तरी. आग्नेस सांगते, जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशाशी. कोणी करत नाही.

या नाताळात, सव्वीस तारखेला, मी केला. त्या अठ्ठावीस तारखेला मंगेशला मी अडवलं, हे एकदाचं सांगून टाकायचं ठरवलं होतं. अर्धी रिंगही वाजली नाही तोच त्याने उचलला. हॅलो नाही, काही नाही.

"कोणाचो रिपोर्ट?" जासिंतने विचारलं.

मी म्हणाले, कोणाचा नाही, नाताळच्या शुभेच्छा द्यायला केला. त्या दिल्या आणि फोन ठेवला.