गौतमच्या मागून पुसलेली पट्टी

पट्टी मी पुसली. सरांनी सांगितलं होतं हे खरं, पण हात माझा होता. गौतम खुर्चीवरून उठला की मी स्पिरिटचा फडका घेऊन ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचो. मग पुढचा मुलगा बसायचा. तो उठल्यावर पुसायचं नाही. मी उठल्यावरही नाही. फक्त गौतमच्या मागून.

सहा महिने हे चाललं. मी एकोणीस वर्षांचा होतो. लहान होतो म्हणायची सोय नाही.

आम्ही अंध मुलं. गारखेड्याच्या बाजूला एका संस्थेच्या वसतिगृहात राहायचो. वाळूजला तेव्हा एकामागून एक कंपन्या येत होत्या. त्यातल्या एका कंपनीत आलेला जर्मन इंजिनिअर परत जाताना आमच्या संस्थेला एक जुना कॉम्प्युटर आणि ही पट्टी देऊन गेला. हातभर लांब, कीबोर्डच्या पुढं ठेवायची. तिच्यावर चाळीस घरं, प्रत्येक घरात बारीक पिना. पडद्यावर जी ओळ असेल ती पिनांनी ब्रेलमध्ये वर यायची. ओळ बदलली की पिना बोटाखाली तडतडायच्या.

कॉम्प्युटरमध्ये एक खेळ होता. चित्रं नाहीत, नुसत्या इंग्रजी ओळी. पट्टीवर ओळ वाचायची, कुठं जायचं ते टाइप करायचं. जुना किल्ला होता, त्यातून बाहेर पडायचं. पहिलीच ओळ होती, तू एका अंधाऱ्या खोलीत आहेस.

गौतमनं ती वाचली आणि म्हणाला, "घ्या. हे सांगायला जर्मनीहून आले व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. तसलं हसू त्या इमारतीत कमीच ऐकू यायचं.

गौतम जालन्याकडचा. त्याची आई बांधकामावर जायची. आल्या दिवशी त्यानं खोलीच्या दारात उभं राहून पूर्ण नाव सांगितलं आणि वर "जय भीम" म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही. डोळस लोकांना वाटतं, आंधळ्यांना जात कुठून दिसणार. आम्हाला आडनावावरून कळायची. आडनावावरून नाही तर बोलण्यावरून, घरून आलेल्या डब्यावरून.

माझं आडनाव दोन्हीकडं चालणारं होतं. ते ऐकून कुणी पुढं विचारलंच नाही. मी सांगितलं नाही.

आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं. नामांतराची दंगल झाली तेव्हा मी चार वर्षांचा असेन. सहाव्या वर्षी गोवरात माझे डोळे गेले, त्याच्या आधीचं मला फार थोडं आठवतं. आमच्या घराचं छप्पर जळताना मात्र आठवतं. त्या दिवसापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, हळू बोलायला लागले. पुढं ते कंपनीत लागले, बजाजनगरात खोली घेतली. मला वसतिगृहात सोडताना म्हणाले, "नाव ईचारलं तर नाव सांग. बाकी बोलायचं नाय." मी नाही बोललो. ते सोपं गेलं, हेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

एका रविवारी अण्णा भेटायला आले. गौतम माझ्याबरोबर गेटपाशी होता. त्यानं अंदाजानं म्हटलं, "जय भीम काका." अण्णांच्या तोंडून सवयीनं गेलं, "जय भीम बाळा." मग ते एकदम बसच्या वेळेचं बोलायला लागले. गौतमनं तो विषय पुढं कधीच काढला नाही. 

कॉम्प्युटरची खोली सर बघायचे. संस्थेचे कार्यकर्ते, घरचे चांगले. आम्हाला स्वेटर आणून द्यायचे, तापात उशाशी बसायचे. त्यांनी मला खोलीचा मॉनिटर केलं. पहिल्याच आठवड्यात जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "गौतम उठला की जरा पुसत जा. नाजूक वस्तू आहे." हात तर आम्ही सगळेच साबणानं धुऊन बसायचो. तरी त्याच्याच मागून का, असं मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

एकदा गौतमनंच विचारलं, "ह्या खोलीत सुया टोचतात का रे? दवाखान्यावानी वास येतो."

"मशीनचा असेल," मी म्हणालो.

खेळ त्याच्यासारखा कुणालाच जमला नाही. दिवसाला वीस मिनिटं पाळी मिळायची, तेवढ्यात वाचलेलं तो डोक्यात साठवायचा. मग जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांवर ब्रेलच्या टोचणीनं किल्ल्याचा नकाशा काढायचा. कुठली खोली कुठं उघडते, कुठलं दार फसवं आहे. ती पानं तो मला वाचायला द्यायचा. इंग्रजी त्याचं माझ्यापेक्षा कच्चं होतं, तरी दोघांत पुढं तोच असायचा.

मग कंपनीचे साहेब आणि त्यांच्या बाई मशीन बघायला येणार असं ठरलं. सरांनी खेळायला मला बसवलं. गौतमचाच नकाशा पाठ करून मी पुढं जात होतो आणि सर पाहुण्यांना म्हणत होते, "फार हुशार मुलगा." विहिरीपाशी मी अडकलो. काही केल्या वाट सापडेना.

मागून गौतमचा आवाज आला, "खाली उतर, मर्दा. विहिरीत पायऱ्या हायेत."

साहेब हसले. म्हणाले, "त्यालाच बसवा ना."

गौतम बसला. डावं बोट पट्टीवर, उजवा हात कीबोर्डवर. थोड्याच वेळात पिनांचा तडतडाट थांबला आणि त्यानं शेवटची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. तो किल्ल्याबाहेर पडला होता. टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, "मी हात लावून पाहू?"

"हो हो," सर म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "आधी पुसून घे रे."

मी पुसलं. स्पिरिटचा वास खोलीभर झाला. एरवी गौतम तोवर बाहेर गेलेला असायचा. त्या दिवशी तो टेबलापाशीच उभा होता.

"मह्याच मागं कामून पुसता, सर?"

"हाताला घाम असतो रे. मशीन नाजूक आहे."

"आन ह्याला घाम येत नाय?"

 मग त्यानं माझं नाव घेतलं. "तू सांग. तुह्या मागं कधी पुसलं?"

ओला फडका माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

अण्णांचे गेटपाशी निघालेले दोन शब्द त्याला ठाऊक होते. तेवढेच त्यानं म्हटले असते तर मी तिथंच उघडा पडलो असतो. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि भिंतीला हात लावत बाहेर गेला.

संध्याकाळी त्यानं पेटी भरली. माझी खाट त्याच्यापासून तिसरी होती. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला आणि उठलो नाही.

त्याच संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. रेडिओवर बातमी लागली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बंद कर ते." बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. माणसं घोषणा देत चालली होती. मी खिडकीचे गज धरून उभा होतो. माझं नाव, माझी माणसं, माझी घोषणा, आणि त्या इमारतीत "जय भीम" म्हणायला माझ्याजवळ एकही माणूस नव्हता. जो होता त्याला मी घालवला होता.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरपाशी बसलो. पहिली ओळ वाचली आणि उठलो.

"सर, फडका घ्या."

"कशाला?"

"माझ्या मागून पण पुसावं लागेल. मी पण बौद्ध आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर म्हणाले, "असं काय बोलतोस? आपल्याकडं असलं काही नाही." आणि लगेच म्हणाले, "आधी सांगायचं होतंस."

दोन्ही वाक्यं त्याच माणसाची, एकाच दमातली.

"मी आता कुणाच्याच मागून पुसणार नाही," मी म्हणालो आणि फडका त्यांच्या टेबलावर ठेवला.

आठ दिवसांत मशीन बिघडल्याचं सांगून खोलीला कुलूप लागलं. उरलेलं वर्ष जेवताना माझ्या शेजारची जागा रिकामी असायची.

पुढं मी सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झालो. गौतमनं बजाजनगरात पीसीओ टाकल्याचं अण्णांकडून कळलं होतं. पुढं त्याच जागी मोबाईल रिचार्जचं दुकान झालं, तेही कळलं. बजाजनगरला मी दर आठवड्याला जात होतो. त्याच्या दुकानात गेलो नाही. तीस वर्षं.

गेल्या वर्षी मी स्वतःची पट्टी घेतली. आता तिच्यावर खेळायचे खेळ पुष्कळ आहेत. एक उघडला, बोट ठेवलं, आणि पुढं वाचवेना. दुसऱ्या दिवशी गौतमकडं गेलो.

"कोण?"

मी नाव सांगितलं. त्यानं गल्ला बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बस. स्टूल उजव्या अंगाला हाय."

मी सगळं सांगितलं. त्यानं मधे तोडलं नाही.

"मला म्हाईत होतं," तो म्हणाला. "तुहे अण्णा गेटवर बोलले तव्हापासून."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"म्या कामून बोलू? तुला तोंड व्हतं ना."

मी माफीचा शब्द काढला तर म्हणाला, "इथं दुकानात काय मागतो? पुसलं तव्हा लोकं व्हते." मग रिचार्जला गिऱ्हाईक आलं आणि तो त्याच्याशी बोलू लागला.

यंदा संस्थेनं जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. मला संस्थेच्या प्रगतीवर बोलायला सांगितलं होतं. सर आता थकलेत, पुढच्या रांगेत बसले होते. गौतमला मी निरोप ठेवला होता. तो आला की नाही मला कळलं नाही, त्याचा आवाज आला नाही. मी माइकवर माझं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, जात सांगितली. मग म्हणालो:

"गौतम उठला की मी त्याच्या मागून पट्टी पुसायचो. सांगणारे इथं बसले आहेत, त्यांचं त्यांनी बोलावं. पुसणारा मी होतो. त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, कारण माझी जात मला लपवायची होती. गौतम, मी तुझी माफी मागतो. तू ती द्यावीस असं मी म्हणत नाही. यापुढं असं कुठंही होताना मला कळलं, तर मी तिथंच बोलेन, त्याच वेळी, सगळ्यांसमोर. नंतर कुणाच्या दुकानात जाऊन नाही."