दोन मिनिटांचे गाऱ्हाणे

अपक्षाला मत देणाऱ्याला आपण इतरांपेक्षा शहाणे आहोत असे वाटते. मलाही तसेच वाटले होते. आमच्या आमदाराने सगळ्या प्रचारात एकच वाक्य चालवले होते: माझ्या डोक्यावर कुठलाच पक्ष नाही. ते खरे निघाले. डोक्यातही काही नाही, हे तपासायचे आमचे राहून गेले.

निवडून येताच त्याने सरकारला पाठिंब्याचे पत्र दिले. सरकार दुसऱ्यांचे आले असते तर तेच पत्र वरचे नाव बदलून त्यांना गेले असते. कुणाला बांधलेला नाही म्हणजे सगळ्यांना उपलब्ध, असा त्याचा अपक्षपणा.

आम्ही देवबागचे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी आणि त्या पट्टीवर आमची घरे. समुद्राच्या बाजूला दगडी बंधारा आहे, पण तो आमच्या वाडीच्या अलीकडेच संपतो आणि तिथून पुढे समुद्र आत शिरतो. अगदी टोकाचे घर माझ्या शेजारणीचे. ख्रिस्ती विधवा बाई, सगळी वाडी तिला मावशी म्हणते. दोन खोल्या पर्यटकांना देऊन ती घर चालवायची. तिचे माड आधीच गेले होते, आता लाट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागत होती. पुढच्या पावसाआधी बंधारा वाढला नाही तर घर सोडून दोडामार्गला मुलीकडे जायचे, असे तिने ठरवून टाकले होते.

संस्थांचे हिशेब तपासणे हा माझा पोटाचा धंदा. त्यामुळे आमदाराचे भाषण लिहून देण्याचे काम माझ्यावर आले. विधानसभेत बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्येप्रमाणे. अपक्षाच्या वाट्याला शेवटची उरलेली दोन मिनिटे. मी बंधाऱ्याची राहिलेली लांबी, दरवर्षी किती जमीन जाते, घरे किती, एवढेच लिहिले. विशेषणे घातली नाहीत. घड्याळ लावून वाचून पाहिले, दोन मिनिटांच्या आत बसत होते. कागद हातात घेऊन आमदार म्हणाला की असे मुद्देसूद भाषण सभागृहाने ऐकलेच नसेल. तेवढे त्याचे बरोबर होते.

अर्थसंकल्पी अधिवेशनात त्याने आम्हा दोघांना पास काढून दिले. मी आणि वाडीतला एक होडीवाला प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. मावशीच्या खोल्यांत पाहुणे होते, ती येऊ शकली नाही. जेवणानंतरची वेळ होती. अर्धी बाके रिकामी होती, उरलेल्या बाकांवर मोबाइल चालू होते. आमच्या आमदाराचे नाव पुकारले. तो माझा कागद घेऊन उभा राहिला, समोरच्या रिकाम्या बाकांकडे पाहिले, कागद खाली ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

देवळात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणे, सभागृहात. कोकणातले दोनचार सदस्य, दोन्ही बाजूंचे, एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. मोबाइलवरच्या माना वर आल्या. मंत्री हसले. एवढे पुरे होते. त्याने मंत्र्यांना आयुष्य मागितले, अध्यक्षांना धीर मागितला, आंब्याला मोहर आणि जाळ्याला मासळी मागितली. समुद्राच्या वाट्याला शेवटी एक ओळ आली: जी काय इडापीडा आसात ती टाळ रे म्हाराजा. घंटा झाली, पुन्हा झाली. त्याने कागद उचलला तोवर पुढच्या सदस्याचे नाव पुकारून झाले होते. माझ्या शेजारी बसलेला होडीवालाही हळूच "व्हय म्हाराजा" म्हणून गेला. भरतीला पाण्याखाली जाणारी वाट रोज तुडवणारा माणूस तो.

बाहेर आमदार भेटला, खूश होता.

"कसा झाला?"

"आकडे ऱ्हवले," मी म्हटले.

"आकडे कोण ऐकता रे? मंत्र्यान पाठीर थाप मारली. कामा अशीच होतत."

त्या दोन मिनिटांची चित्रफीत आमच्या आधी गावात पोचली. कुणीतरी तिला ढोलताशे जोडले होते. पंधरवड्यात वाडीत सत्कार ठरला, आणि ज्यांच्या अंगणात वाळू येते तेच वर्गणी काढून शाल आणायला गेले. भाषणे झाली. मालवणी बोली विधानसभेत गाजवली म्हणून एका मास्तरांना गहिवरून आले. बंधाऱ्याचे नाव कुणी काढले नाही. शेवटी मावशी मागच्या खुर्चीवरून उठली.

"देवाक मी रोज सांगतंय रे. तुका थंय धाडलो तो सरकाराक सांगूक."

लोक हसले. तिला विनोद करायचा आहे असे त्यांना वाटले. आमदारही हसला आणि माइकवरून शुद्ध मराठीत म्हणाला, "मावशी, आपली संस्कृती सभागृहात पोचली, हे काय कमी आहे? बंधारा पुढच्या अधिवेशनात."

मे संपता संपता मावशीने घरावरची कौले उतरवली, दारे-खिडक्या काढल्या आणि सगळे टेम्पोत घालून दोडामार्गला गेली. ज्यांनी शाल आणली होती त्यांनी सामान चढवायला हात लावला, तेवढे त्यांचे माणूसपण मी मान्य करतो. श्रावण लागायच्या आत तिचे स्वयंपाकघर समुद्रात गेले, मग पुढची खोली.

पुढच्या अधिवेशनाआधी आमदाराच्या सहायकाचा फोन आला. जुना कागद सापडत नव्हता. साहेब या वेळी नक्की वाचणार आहेत, तेव्हा तेच भाषण पुन्हा पाठवा, असे तो म्हणाला. मी सांगितले की त्यातले आकडे आता चुकीचे आहेत, टोकाचे घर राहिलेले नाही.

 तो अगदी मदतीच्या स्वरात म्हणाला, "चालेल दादा. एक घर कमी करून पाठवा."