सहा दिवसांची नळी

इन्सुलिनचा पंप विकायला देवासला आमच्या घरी आलेला माणूस म्हणाला होता, "भिया, एक बार का खर्चा है." पहिल्याच महिन्यात कळलं की पोटाला चिकटवायची सुई आणि तिची नळी दर तीन दिवसांनी नवी घालायची, आणि तीही त्यांच्याकडूनच घ्यायची. तीनच दिवस का? नळी तर चांगली धडधाकट दिसते. सुतक-बितक सोडलं तर मी जानवंसुद्धा वर्षाकाठी श्रावणीलाच बदलतो. हा नियम डॉक्टरचा नसून दुकानदाराचा, असं ठरवून मी बायकोला न सांगता एकेक नळी सहा-सहा दिवस चालवू लागलो.

साखर चढायला लागली. आधी मी पंपावर संशय घेतला, मग फ्रिजमधल्या इन्सुलिनवर, आणि शेवटी बायकोवर. तिला गोडमिट्ट चहा लागतो. एकाच पातेल्यात दोघांचा करून मला फसवत असणार. एका सकाळी ती देवघरात गेली, तेव्हा मी तिचा कप उचलून घोट घेतला.

तिचाही चहा फिका होता.

मागे वळलो तर ती दारातच उभी. तिनं माझा सदरा वर केला. सुईभोवती लाल, कडक गाठ आली होती.

"कधी बदलली?"

"झाले सहा दिवस."

"पंपवाल्यावर संशय, माझ्यावर संशय," ती म्हणाली, "आणि या शिळ्या नळीवर तेवढा डोळे मिटून विश्वास!"