आईचा बाविसावा नंबर

समस्त जनतेला कळविण्यात येते की, आज सोसायटीच्या टँकरपाशी माझी कळशी पहिली लागली! विजयाची आरोळी ठोकणारच होते, तेवढ्यात ओल्या तांब्याचा वास नाकात शिरला.

सोयगावच्या डोंगरातला आमचा झरा चैत्रात वाटीवाटीनं पाझरायचा. रांगेत बाई नसली तरी तिचा हंडा नंबर धरून बसे. त्या नंबरावरून आई आणि शेजारची काशीकाकू रोज कडाकडा भांडायच्या.

एका सकाळी आई गेली. तिच्या शेवटच्या अंघोळीला घरात थेंब नव्हता, आणि झऱ्यावर तिचा हंडा बाविसावा होता. मी धावत गेले. काशीकाकूनं आपला पहिल्या नंबराचा भरलेला हंडा आईच्या हंड्यात रिकामा केला, तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि आमच्या घराकडं तोंड करून ओरडली,

"सखू, ऊठ की गं! पयला नंबर दिलाय तुला, आता भांड की माझ्यासंगं!"