पिवळं पाकीट आणि चेपलेला डबा

आमच्या घरात महिन्याच्या सामानाची यादी मी करते. करत होते, असं म्हणायला हवं आता, पण ते सांगतेच पुढे. लग्न होऊन सांगलीहून बंगळूरला आले, राजाजीनगरात दोन खोल्यांत संसार मांडला, तेव्हापासून यादी माझ्या हातची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायची. आधी डाळी, मग पिठं, मग चहा-साखर, आणि शेवटी हिंग, कारण हिंग मी नेहमी विसरते.

यात मोठंसं काय, म्हणाल. पण बघा, गुडघे दुखायला लागले तशा पोळ्या सुनेकडे गेल्या. भाजी चिरायला बाई आली. लाइटचं बिल मुलगा फोनवरून भरतो, मला आकडासुद्धा कळत नाही. राहिली होती ती यादी. तीही गेली तर मी घरात राहणार कशी, पाहुणीसारखी? हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. म्हणजे माझ्यासारख्या बडबड्या बाईने बोलून दाखवलं नव्हतं, यावरून काय ते ओळखा.

सून आमची बनशंकरीची, माहेरी सगळं कन्नड. मराठी ती आमच्याकडे आल्यावर शिकली, आणि माझ्याकडून शिकली म्हणून भरपूर बोलते. तर गेल्या वर्षी मेट्रो स्टेशनजवळ एक स्वस्तातलं सुपरमार्केट उघडलं. तिथे सगळ्या कंपन्यांचा माल असतोच, पण त्यांचा स्वतःच्या नावाचाही असतो. साधी पिवळी पाकिटं. ना चित्र, ना हसरी बाई, नुसतं आत काय आहे ते लिहिलेलं. एका शनिवारी ती दोन पिशव्या भरून तीच घेऊन आली. तूरडाळ पिवळ्या पाकिटात, रवा पिवळ्या पाकिटात, चहासुद्धा.

"अगं, हे काय सरकारी दवाखान्यातून आणलंस का?" मी म्हटलं.

"आई, आतला माल तोच असतो हो. बाहेरच्या कागदाचे पैसे कशाला द्यायचे?"

"तोच कसा असेल? आपली नेहमीच्या कंपनीची डाळ शिजली की कशी लोण्यासारखी होते. ही बघ, रंगच वेगळा आहे."

"रंग पाकिटाचा आहे, आई. डाळ अजून बाहेर काढलीच नाही मी."

हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर हलायला लागला तेव्हा कळलं, हसताहेत.

मग मी तिला जुनी गोष्ट ऐकवली. पूर्वी इथे कोपऱ्यावर शेट्टरांचं दुकान होतं, पोत्यातली डाळ ते आधी तळहातावर घालून दाखवायचे, मग कागदाच्या पुड्यात बांधून द्यायचे, काय चव होती. बोलत सुटले की मला थांबता येत नाही. सगळं ऐकून घेतलं तिने आणि अगदी गरीब चेहरा करून विचारलं, "मग तेव्हा कुठली कंपनी होती, आई?"

मी चिडले आणि चिडून नको ते बोलले. म्हटलं, "डोळे मिटून सांगेन मी, आपलं कुठलं आणि हे पिवळं कुठलं!"

"सरी," ती म्हणाली, म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे'. पदर असता तर खोचला असता. "उद्या सांगा. तीन वस्तू. दोन ओळखल्या तर यादी तुमची, मी पुन्हा बोलणार नाही. नाही ओळखल्या तर पुढच्या महिन्यापासून यादी मी करणार."

"कर की!" मी म्हटलं. तोंडाने म्हटलं.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. आयुष्यभर एकच काम, माल पास की माल रिजेक्ट. निवृत्त झाले तरी दूधवाल्याच्या पिशवीला उजेडात धरून बघतात. त्यांना तर सणच झाला. पेपर बाजूला टाकून उठले.

"दोघींनी लांब व्हा. हे माझं काम आहे. पॅकिंग बघून माल पास करायचा नसतो."

त्यांनी माझे सहा डबे काढले. स्टीलचे, एकसारखे, संसाराच्या सुरुवातीला चिकपेटहून बसमधून मांडीवर घेऊन आणलेले. प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. स्वयंपाकघराचं दार लावून डाळीचे दोन, रव्याचे दोन, चहाचे दोन असे डबे भरले आणि प्रत्येक जोडीवर 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. कशात काय ते कागदावर लिहून कागद पाकिटात घातला, पाकीट डकवलं, त्यावर सही केली आणि देवापाशी ठेवलं.

"देवाला कशाला मध्ये घेताय?" मी विचारलं.

"साक्षीदार लागतो."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दूध तापवायला मी नेहमीसारखी उठले. चष्मा लावला नव्हता. ओट्यावर डबे ओळीने मांडलेले, आणि त्यातल्या एका डाळीच्या डब्याचं झाकण वर आलेलं. तो डबा चेपलेला आहे. घर बदलताना पडला होता, तेव्हापासून त्याला त्याचंच झाकण बसतं, दुसरं बसवलं की असं वर येतं. ह्यांनी शेजारच्या, डाळीच्याच दुसऱ्या डब्याचं झाकण त्याच्यावर ठोकून बसवलेलं. पुरुषांना झाकण म्हणजे झाकण. मी दोन्ही झाकणं काढली, ज्याची त्याला लावली, दूध तापवलं आणि विसरून गेले.

अकरा वाजता मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, पाठ स्वयंपाकघराकडे. रांधलं सुनेने. एकाच कुकरमध्ये दोन भांड्यांत दोन डाळी, दोन्हींत मीठ-हळद सारखी. ह्यांनी चमचा मोजून घेतला. मुलगा "मीटिंग आहे" म्हणून आतल्या खोलीत गेला होता, पण दर पाच मिनिटांनी दार किलकिलं व्हायचं.

पहिला आला चहा. त्यात काही कठीण नव्हतं. एका कपाला वास होता, दुसऱ्याला नुसता रंग. "हा 'ब' पिवळा," मी म्हटलं, "आणि हा कुणी पाहुण्याला देऊ नका, नाव जाईल घराचं."

मग शिरा. 'अ' खाल्ला, 'ब' खाल्ला, परत 'अ' खाल्ला. दोन्ही छान झाले होते. सूनबाईचा हात शिऱ्याला चांगला आहे, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं, आणि तेही मनातच. "'अ' आपला," मी ठोकून दिलं.

आणि मग वरण. इथेच माझी खरी परीक्षा होती, कारण आदल्या दिवशी लोण्याची गोष्ट मीच सांगितली होती. एक वाटी घेतली, दुसरी घेतली. खरं सांगू? काही म्हणता काही फरक नव्हता. दोन्ही मऊ, दोन्ही गोडसर. मी डोळे मिटले, मान हलवली, जिभेवर घोळवल्यासारखं केलं. नाटक सगळं. आणि म्हटलं, "'अ' पिवळी. 'ब' आपली."

"नक्की?" हे.

"तूरडाळ मला शिकवताय?"

देवापासचं पाकीट आलं. ह्यांनी सही तपासली, स्वतःचीच. कागद उलगडून वाचायला लागले. "चहा, 'ब' पिवळा. बरोबर." मी सुनेकडे बघितलं. "रवा, 'अ' पिवळा. चूक." सुनेने माझ्याकडे बघितलं. "डाळ..." इथे हे मुद्दाम थांबले, "...'अ' आपली, 'ब' पिवळी. चूक."

सुनेने माझी वाटी पुढे ओढली आणि म्हणाली, "आई, स्वल्प तूप घालू? भात वाढते." तेवढ्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यादी गेली होती.

मान वळवून तिला तुपाचा डबा काढताना बघत होते आणि नजर ओट्यावर गेली. चेपलेला डबा. झाकण नीट बसलेलं.

"अहो," मी विचारलं, "चिठ्ठ्या कशाला लावल्या होत्या तुम्ही? डब्याला की झाकणाला?"

"झाकणाला. डब्यावर तुझं नाव कोरलंय ना, त्यावर गोंद कशाला?"

बघा आता! म्हणजे डाळीचं 'अ' ते 'ब' आणि 'ब' ते 'अ' मीच सकाळी करून ठेवलं होतं. म्हणजे 'ब' आपलीच होती. म्हणजे मी जिंकले होते!

माझ्या पोटात काही राहत नाही. सांगून टाकलं, झाकण, दूध, सगळं. ह्यांनी कपाळाला हात लावला. "एवढी वर्षं नोकरी केली, चिठ्ठी झाकणाला लावली! सगळा लॉट रद्द." आतलं दार सताड उघडलं आणि मुलगा हसत बाहेर आला. मीटिंग संपली असावी.

सून मात्र गंभीर होती. तिने चेपलेला डबा हातात घेतला, दुसऱ्याचं झाकण त्याला लावून पाहिलं, वर आलं. "खरंय," ती म्हणाली. "आई, तुम्ही दोन ओळखल्या. यादी तुमची."

तिने कबूल केलं होतं, भांडण न करता. गप्प बसले असते तर संपलं असतं. पण ती वाटी अजून माझ्यासमोर होती, आणि तिने माझ्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

"नाही गं," मी म्हटलं. "डाळ मी ओळखली नाही. अंदाजाने ठोकून दिलं. दोन्ही सारख्याच लागल्या मला. तू आणलेली डाळ चांगली आहे. यादी तूच कर."

"आई, चहा?"

"चहा नाही! चहाला हात लावायचा नाही. आणि हिंगाला. हिंग मी सांगेन तोच."

आता यादी ती करते. डाळ, रवा, साखर, मीठ, जाडे पोहे सगळं पिवळं येतं आणि थेट डब्यात जातं, जेवताना कुणाला कळतही नाही. शेंगदाणे एकदा खवट निघाले, ते मी महिनाभर ऐकवले. पण गंमत पुढेच आहे. ती यादी लिहिते कन्नड लिपीत. शब्द आपलेच, "तूरडाळ", "हिंग", पण अक्षर तिचं. मी इतकी वर्षं इथे राहिले, बोलते फाडफाड, पण वाचायचं म्हटलं तर बसच्या पाटीपुरतं. त्यामुळे यादीत काय आहे ते मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय चैन पडत नाही. मग महिन्याच्या पहिल्या शनिवारी मला तिच्याबरोबर दुकानात जावंच लागतं. ती ढकलगाडी पुढे लोटत एकेक नाव मोठ्याने वाचते, मी काठी टेकत शेजारी चालते आणि म्हणते, हे घे, ते नको. शेवटचं नाव वाचून झालं की मी विचारते, "हिंग?"

ती कपाळावर हात मारते. हल्ली तीही हिंग विसरते.