त्रेसष्ट की चौसष्ट

सांगलीहून निघाले त्या दिवशी सामानाच्या यादीत एकोणसाठ वस्तू होत्या. अठ्ठावन्न आणि एकोणसाठ म्हणजे माझे दोन स्पीकर, जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेले. टेम्पो गल्लीत उभा होता. दादा दारात उभा राहून एकेका नावापुढे खूण करत होता आणि वहिनी डब्याला रबर लावत होती. माझा मित्र प्रदीप मात्र एक स्पीकर मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसला होता. "मिरज स्टेशनपर्यंत मी सांभाळतो," म्हणाला, "पुढं तू आणि तुझं नशीब."

आई-बाबा आता नाहीत, पण निघताना दोघांची वाक्यं आठवलीच. बाबा म्हणायचे, नव्या गावात पहिल्या आठवड्यात पाणी कधी येतं तेवढं विचार, बाकीचं आपोआप कळतं. आई म्हणायची, कुणाशी तरी रोज बोलत जा, वहीशी बोलणं म्हणजे बोलणं नव्हे. बाबांचं मी ऐकलं. तंजावुरात पाणी सकाळी सहाला येतं हे मला दुसऱ्याच दिवशी माहीत होतं. आईचं ऐकायला आठ महिने लागले.

शनिवारवाल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. सांगलीत राहिलेल्यांसाठी, आणि दुबईला नि कॅल्गरीला गेलेल्यांसाठीही. मी इथे राहायचं का ठरवलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. फोनवर प्रदीप मधे बोलतो.

आधी बाहेरच्यांसाठी थोडं. आम्ही पाच-सहा जण, सगळे पन्नाशीच्या आसपास. दर शनिवारी चार ते सात प्रदीपच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माळ्यावर जमून नवीन रॉक ऐकायचो. कॉलेजात ऐकलेली गाणी बंद, हा नियम. त्या गाण्यांवर माणूस ऐकत नाही, नुसता आठवत बसतो. आम्हाला हवं होतं ते आज कुठेतरी कुणीतरी पहिल्यांदा करून बघत असलेलं: शिलाँगच्या तिघी पत्र्याच्या डब्यावर माइक लावून काय करतात, चिलीतला कुणी एकटा माणूस घरात बसून गिटारवर व्हायोलिनचा गज का ओढतो. वही माझ्याकडे. रकाने पाच: तारीख, कुणी आणलं, पहिल्या ऐकण्याचे गुण, तिसऱ्या ऐकण्याचे गुण, शेरा. पहिल्या आणि तिसऱ्याच्या गुणांत फरक पडला नाही तर गाणं बहुधा साधारण असायचं. मग भांडण. प्रदीप कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्यामुळे ठेक्याबाबत त्याचा शब्द शेवटचा, असं तो समजायचा.

आमच्या कंपनीने धान्य-तपासणीची नवी प्रयोगशाळा तंजावुरात उघडली आणि मला पाठवलं ते एका वर्षासाठी. वर्ष संपताना लेखी कळवायचं होतं, कायम राहणार की सांगलीला परत. एकदा कळवलं की बदल नाही. मी अर्थातच दोन रकान्यांची यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. 'परत' या रकान्यात पहिल्या महिन्यातच अकरा मुद्दे झाले. 'राहणे' या रकान्यात एकच होता: काम चांगलं आहे.

काम खरंच चांगलं आहे. आठवड्यातून दोनदा तांदळाचे नमुने आणायला ओरत्तनाडूकडच्या गावांत जाते. बस कालव्याच्या कडेने जाते, दोन्ही बाजूंना भात, मधे नारळ. ड्रायव्हर सिनेमाची गाणी मोठ्याने लावतो आणि मी कानात हेडफोन घालून कुठल्या तरी देशातला गोंधळ ऐकते. इतकं नवीन संगीत मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, जितकं त्या बसमध्ये ऐकलं. पण ऐकून काय करायचं? सांगलीच्या ग्रुपवर मी चार ओळींचं मत लिहायचे आणि उत्तरादाखल एक अंगठा यायचा. कधी दोन अंगठे. अंगठ्याशी भांडता येत नाही. तुमच्याही शनिवारांना गळती लागली होती, ते तुम्ही मला सांगत नव्हता आणि मला कळत होतं. "तू ये परत, मग बघ," एवढंच प्रदीप म्हणायचा.

मी राहते ते घर सुंदररावांचं, वरचा मजला. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे. त्यांचं घराणं मराठी राजांच्या काळात इकडे आलेलं. घरात मराठी बोलतात, पण वाचता येत नाही; वाचायला तमिळ आणि इंग्रजी. आमच्या कानाला ते मराठी जुनं आणि तमिळ चालीवर चढ-उतार घेणारं लागतं. जसंच्या तसं मला लिहिता येणार नाही, कानात राहिलं तसं लिहिते.

आठवा महिना. रविवारी दुपारी मी एका पोलिश बँडचं गाणं लावलं होतं आणि दार वाजलं. दारात सुंदरराव. मी आधीच म्हणाले, "अण्णा, आवाज कमी करते."

"कमी कां?" ते म्हणाले. "मी तें सांगायला आलों नाहीं. तुम्ही गाणें मधेंच तोडतांत. खालीं मी ताळ धरून बसलेला, हात असा वरच राहतो. हें बरें नाहीं, अम्मा."

मी गाणं थांबवून शेरा लिहिते आणि पुढे लावते, ही माझी जुनी सवय. तंजावुरात मैफलीला बसलेला माणूस मांडीवर हाताने ताल मोजतो, एक टाळी, मग बोटं, मग पालथा हात. हे सगळे मोजतात. शिक्षक मोजतो, बँकेतला कारकून मोजतो. सुंदरराव आठ महिने माझ्या खाली बसून जगभरचे बँड मोजत होते आणि मी दर दोन मिनिटांनी त्यांचा हात हवेत लटकत ठेवत होते!

"कळतं का तुम्हाला हे?" मी विचारलं. विचारण्यात जरा सांगलीचा तोरा होता, कबूल करते.

"कळत नाहीं म्हणून तर मोजतों," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रविवारी चारला स्पीकर खाली. कमलाक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, पितळी डबऱ्यात, म्हणजे इकडच्या वाटीवजा भांड्यात, कॉफी देत आणि दाराशी पाटावर बसत. मत विचारलं की म्हणत, "मला काय कळतें, तुम्ही बोला." आम्ही बोलायचो. तसं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. सुंदररावांना गिटारचं कौतुक नाही, आवाज किती घाण केलाय याचं आश्चर्य नाही. त्यांना एकच हवं: हा माणूस निघाला कुठून, पोचला कुठे, वाटेत हिशेब चुकला का. चिलीच्या माणसाचा गज ऐकून ते म्हणाले, "याला वाद्य येत नाहीं, पण धीर येतो." मी पंचवीस वर्षं शेरे लिहिते आहे. असा एक शेरा माझ्या वहीत नाही.

आता ते गाणं. त्याच पोलिश बँडचं, साडेनऊ मिनिटांचं. गिटार चार मात्रांत चालते, ड्रम सात मात्रांत, दोघं एकमेकांकडे न बघता रस्ता ओलांडत असल्यासारखे. मधे एकाएकी सगळं थांबतं. चाळीसेक सेकंद काहीच नाही. मग सगळे एकदम कोसळतात. पहिल्यांदा खाली लावलं तेव्हा शांतता आली आणि कमलाक्का संपलं समजून डबरे गोळा करायला उठल्या. गाणं परत कोसळलं तेव्हा त्यांच्या हातातली कॉफी सुंदररावांच्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर. "संपलें नाहीं, बस!" ते ओरडले. कॉफी गरम होती, पण त्यांचा डावा हात वेष्टी झटकत होता आणि उजवा मांडीवरून हलला नव्हता.

गाणं झाल्यावर नेहमीप्रमाणे मला शेरा वाचून दाखवायचा होता, कारण देवनागरी त्यांना येत नाही. मी वाचलं: "मधली शांतता परिणामकारक पण मनमानी. एक गुण वजा."

"मनमानी म्हणजे?"

"म्हणजे त्यांना वाटलं तेवढं थांबले. काही मोजमाप नाही."

सुंदररावांनी विचारलं, "अम्मा, किती वेळां ऐकलांत हें?"

"अकरा."

"अकरा वेळां ऐकून एकदांही मोजलें नाहीं?"

त्यांनी परत लावायला सांगितलं. शांतता आली. खोलीत फक्त त्यांच्या तळव्याचा मांडीवर पडणारा आवाज. टाळी, बोटं, टाळी, बोटं. डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून सात मात्रांचं एकेक आवर्तन मोजत पुढे सरकत होता. मी श्वास धरून बसले होते. नववं आवर्तन पुरं झालं, हात पुढच्या टाळीसाठी वर गेला, खाली आला, आणि नेमक्या त्या तळव्यावर तो अख्खा बँड येऊन पडला. जरासुद्धा इकडे नाही, तिकडे नाही. पोलंडमधली चार तरुण माणसं, ज्यांनी तंजावूर नकाशावरही पाहिलं नसेल, आणि हा बहात्तर वर्षांचा गृहस्थ, चाळीस सेकंद एकाच शांततेत बरोबर चालले होते. मी मात्र त्यात नव्हते. मी गाणं सुरू व्हायची वाट बघत होते.

"नऊ सत्ते त्रेसष्ट," सुंदरराव म्हणाले. "गाणें थांबलेंच नाहीं. आवाज थांबला."

मी वहीत लाल पेनाने कापलेला गुण परत दिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

हे मी ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत प्रदीपचा फोन. "काय गं, कोण हा माणूस? चौसष्ट आहे ते. चार सोळे चौसष्ट. गिटारच्या हिशेबानं बघ. बँड एक मात्रा आधी घुसतो, तीच तर गंमत आहे!"

"अण्णा म्हणतात त्रेसष्ट."

"अण्णांना सांग, सांगलीत ड्रमर मेले नाहीत अजून."

मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्यांना सांगा, गिटारवाल्याचा हात धरून समुद्र पोहूं नये." मी तेही सांगितलं. त्या शनिवारी सांगलीतले तुम्ही सगळे माळ्यावर जमलात, चार महिन्यांनी पहिल्यांदा, टेबल बडवून मोजायला. रविवारी व्हिडिओ कॉल. इकडे सुंदररावांचा तळवा, तिकडे प्रदीपचं टेबल, मधे मी फोन धरून.

"अण्णा, तुमचा हात पुढं पळतोय!"

"हात पळत नाहीं. तुमचें टेबल मागें राहिलें."

"अहो, नेटवर्क मागं आहे!"

"मग नेटवर्कला चौसष्ट म्हणूं दे. माझें त्रेसष्टच."

दोघांचं मराठी एकमेकांना अर्धंच समजत होतं आणि भांडण पूर्ण समजत होतं. वीस मिनिटं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला कुणी काही विचारतच नाही. फोन धरून हात अवघडला होता. इतकं बरं मला त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं.

कळवायला सहा दिवस उरले होते. रात्रीपर्यंत न थांबता, संध्याकाळी दिवेलागणीलाच कपाट उघडून यादी परत वाचली. 'परत'मधले अकराही मुद्दे खरे होते. दादा, वहिनी, तुम्ही सगळे, ज्वारीची भाकरी, दुकानदाराने नावाने हाक मारणं. एकही खोडता आला नाही, आणि मी खोडला नाही. पण त्यातला मुद्दा क्रमांक तीन, 'ऐकणारी माणसं', आता दोन्ही रकान्यांत बसत होता. आणि एक गोष्ट यादीत कुठेच नव्हती. सांगलीत माझे कान मला पुरे होते. इथे ते अपुरे पडतात, आणि अपुरे पडणारे कान घेऊन वयाच्या पन्नाशीला कुठे जायला मिळतं? परत आले असते तर वही तशीच पुढे चालली असती, सुबक. मला ती चुकलेली बघायची आहे.

कंपनीला कळवलं. मग दादाला फोन केला, कारण खरा कठीण फोन तोच होता. तो म्हणाला, "तुझ्या खोलीचं काय करू?"

"वापरायला घे," मी म्हणाले. त्या खोलीतल्या प्रत्येक खिळ्याची जागा मला पाठ आहे.

"नक्की?"

"नक्की. वहिनीचं शिवणयंत्र तिथे छान राहील. उजेड आहे."

बाबांनी ते घर बांधलं आणि मला तिथे डोळे मिटून पाण्याचा तांब्या सापडतो. तसं तंजावूर मला कधी होणार नाही. इथे मी अजून तमिळ चुकते, मीठ कुठल्या डब्यात ते विसरते. आता घर म्हणजे मला तांब्या सापडणारी जागा वाटत नाही. जिथे माझं मत ऐकून कुणीतरी 'एकदांही मोजलें नाहीं?' म्हणतं, तिथे मी राहायला आले आहे. तुम्हीही ते म्हणत होतात म्हणून सांगलीचं घर होतं, हे इथे आल्यावर कळलं.

गेल्या रविवारी शिलाँगच्या त्या तिघींचं नवीन गाणं आलं. एक मुलगी सात मिनिटं जवळजवळ ओरडते, खाली पत्र्याचे डबे. सुंदररावांनी मोजायचं तीनदा सोडलं आणि तीनदा परत धरलं. गाणं संपलं. मी चष्मा लावला, शेरा वाचायला वही उघडली.

"थांबा," दाराशी पाटावरून कमलाक्का म्हणाल्या. डबरे गोळा करायला त्या उठल्या नव्हत्या. "ती पोर रडते आहे असें तुम्ही लिहिलें असेल. ती रडत नाहीं. ती कोणाला तरी उत्तर देते आहे, आणि तो माणूस खोलींतून निघून गेला आहे. आतां वाचा तुमचें."

मी लिहिलं होतं, 'आक्रोश.' मी पेन उचललं.