चोवीस पानं वाचणारे आप्पा

नवं औषध लेकराच्या पोटात जाण्याआधी आप्पांनी त्याची जेवढी चौकशी केली, तेवढी आमच्या मुरुडात कुणी सून आणतानाही केली नसेल. माझे वडील ज्यांच्या भुसार दुकानात पोती उचलायचे, त्या दुकानाचे हे मालक. माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी दुकानातला एकुलता एक पंखा माझ्याकडे वळवून ठेवला होता आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते तोंडावर बोट ठेवायचे. त्या पंख्याखाली बसून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि नांदेडच्या एका बालरुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्यांचं काम बघायला लागले.

अशी चाचणी सुरू करायची तर आधी एक समिती बसते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतात आणि नियमाप्रमाणे एक सामान्य माणूसही लागतो, ज्याचा वैद्यकाशी काडीचा संबंध नाही असा. आमचे डॉक्टर म्हणाले, "असा कुणी शोधा, ज्याला औषधातलं काही कळत नाही, पण तोंड उघडायला घाबरत नाही." मला एकच नाव सुचलं. आप्पा तोवर दुकान बंद करून लातूरला मुलाकडे राहत होते आणि मुलाला, सुनेला, दूधवाल्याला प्रश्न विचारूनही त्यांचा वेळ जात नव्हता. मी फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला कायच येत न्हाई, हे लिहून द्यायचं का तोंडी सांगायचं?"

पहिल्या बैठकीला सगळे अकराला जमले. आप्पा पहाटेच्या गाडीनं लवकरच पोचले होते, पण त्यांची गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा व्हायची होती. ती त्यांनी औषधांच्या कोठीत, खोक्यांच्या मधे बसून निवांत केली. दोन डॉक्टर आणि एक वकील बाहेर घड्याळ बघत उभे. कपाळावर ताजी विभूती लावून ते आले, खुर्चीवर मांडी घालून बसले आणि संमतीपत्राचं पहिलं पान उचलून मोठ्यानं वाचू लागले. चोवीस पानं होती. दर चार ओळींनी ते चष्मा वर करून "म्हंजे काय?" विचारत. चौथ्या पानावर 'यादृच्छिक वाटप' आलं. वकिलांनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. आप्पा म्हणाले, "चिठ्ठ्या टाकायच्या म्हना की मग! हे वाचून एखादी माय हो म्हनंल, पर ती भीतीनं म्हनंल."

डॉक्टरांना धक्का बसला तो पुढेच. कंपनीनं आधीच्या चाचणीचे चांगले आकडे पहिल्या पानावर छापले होते. आप्पांनी मागं जाऊन ते पान पुन्हा काढलं आणि बाजूला सारलं. "पोत्याच्या तोंडाशी चांगला दाना कुणीबी ठिवतंय. मी नळी खुपसून तळातला काढायचो. ज्या लेकरांना तरास झाला ती कुठल्या पानावर हायत?" ती एकोणिसाव्या पानावर होती. त्या दिवशी ती दुसऱ्या पानावर आली. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी बैठकीत वळू सोडला होता.

आजार होता मूत्रपिंडाचा. लघवीतून प्रथिनं निघून जातात आणि लेकरू सुजतं. सकाळी डोळेच उघडत नाहीत. नेहमीच्या गोळ्यांनी सूज उतरते, गोळ्या कमी केल्या की पुन्हा येते. नव्या औषधानं ती पुन्हा येणं थांबतं का, हे बघायचं होतं. गोळ्या सगळ्यांनाच मिळणार होत्या. त्याशिवाय अर्ध्या लेकरांना नवं औषध आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं, तसंच लागणारं नुसतं गोड पाणी. बाटलीवर फक्त नंबर.

हे आयांना कसं सांगायचं, याची आप्पांनी माझ्याकडून तालीम करून घेतली. ते स्वतः आई झाले. बैठकीच्या खोलीत धोतर सावरून जमिनीवर बसले, वॉर्डातली एक उशी मांडीवर घेतली आणि तिला थोपटत म्हणाले, "हां, सांग आता." मी सांगायला लागले की उशी रडायची. आप्पा तिला गप करायचे आणि मला म्हणायचे, "तू मला सांगायलीस का भिववायलीस? पुन्हा सांग." एकदा उशीला शी झाली म्हणून ते उठूनच गेले! सफाईवाल्या मावशी दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हाताऱ्याला इथंच भरती करणार हायत का?" अकरा वेळा मी नापास झाले. बाराव्या वेळी तेच म्हणाले, "असं सांग. एका बाटलीत औषध, एका बाटलीत गोड पानी. कुणाला कुठली, ते मलाबी म्हाईत न्हाई अन् डॉक्टरलाबी न्हाई. एवढं कळलं तर माय रातचं झोपंल."

मी अगदी तसंच सांगत गेले. आयांना कळलंही. किती कळलं, ते मला चार महिन्यांनी समजलं.

उमरीहून दोन आया एकाच गाडीनं यायच्या. शबानाचा अयान आणि सुनीताची प्रणिता, एकाच गल्लीतली, एकाच वर्गातली. त्या दिवशी मी परत आलेल्या बाटल्या आणि घरच्या वह्या तपासत होते. आयांनी रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवून रंग लिहायचा असतो. पिवळी राहिली तर बरं, हिरवी झाली तर वाईट. अयानच्या वहीत तीन महिने पिवळा, पिवळा, पिवळा. दोन वर्षांत पहिल्यांदाच पोराला सूज आली नव्हती. आणि मग अचानक हिरवा.

"औषध चुकलं का एखाद्या दिवशी?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम," शबाना म्हणाली. "रोज दिलं. निम्मं निम्मं झाल्यापास्नं जरा कमी पडलं असंल."

"निम्मं म्हणजे?"

"दोन्ही बाटल्या पातेल्यात वतल्या ना. पातेलं उकळून घेतलं होतं, कसम से. मग पुन्हा भरल्या." ती सहज सांगत होती, लग्नात वाढलेल्या भाताविषयी सांगावं तसं. "माझ्या पोराचं तोंड बारीक झालं, अन् समोरच्या दारात हिच्या पोरीचं फुगलेलं. मग माझ्या हातानं एकल्याला चमचा कसा देववंल?"

सुनीता खाली बघून म्हणाली, "मी नको म्हनले होते."

नोकरीची तीन वर्षं मी बाटल्यांचं तापमान, झाकणं, सह्या सांभाळत होते. हे कुठल्याच नियमात नव्हतं. कळवलं तर दोन्ही लेकरं चाचणीतून बाहेर जाणार, बाटली बंद होणार. अयानला लागू पडलेली बाटली! मी दोघींना चहाला पाठवलं आणि नोंदीच्या कागदावर लिहिलं, 'बाटली हातातून निसटून थोडे औषध सांडले.' लिहिलं आणि आप्पांना फोन केला. मला वाटलं, आयांची बाजू घेणारा हा माणूस मला नक्की पाठीशी घालेल.

आप्पा दुपारच्या बसनं आले. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी रागावले नव्हते.

"पोत्यात खडा हाय हे म्हाईत असून वरून शिवायलीस? या कागदाच्या भरवशावर उद्या दुसऱ्या गावचं लेकरू औषध पिनार हाय. त्याच्या मायला काय सांगशील, सांडलं म्हनून?"

मी रडले. कागद माझ्याच हातानं फाडला आणि खरं होतं ते लिहिलं.

तातडीची बैठक झाली. आप्पा उठून म्हणाले, "बायकांची चूक न्हाई. त्यांना सांगनाऱ्या या पोरीचीबी न्हाई. औषध कुणाला, पानी कुणाला, हे इतकं सोपं करून सांगायला मी लावलं. पर वाटून घिऊ नका, हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. जन्म दुकानात गेला, तरी शेजारी काय करतेत ते मला कळलं न्हाई." मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "अयानला ते औषध लागू पडलं होतं ना?"

"बाटलीत काय होतं, ते मलाही माहीत नाही आप्पा," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी सूज आपोआपही थांबते."

दोन्ही बाटल्या बंद झाल्या. नेहमीच्या गोळ्या आणि तपासण्या मात्र पूर्वीसारख्याच चालू राहतील, हे आप्पांनी लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं.

उमरीला सांगायला ते माझ्याबरोबर आले. शबानाच्या दारात, खाटेवर बसून त्यांनी स्वतः सांगितलं. अयानचे डोळे पुन्हा सुजायला लागले होते. शबाना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. "मी दिलं नसतं, तर त्याला मिळत राहिलं असतं?" तिनं विचारलं.

"हाव, माय," आप्पा म्हणाले. त्यांना खोटं बोलता आलं असतं.

ती उठून चुलीकडे वळली. मग म्हणाली, "चाय घ्या. तुमच्या वयाला साखर कमी टाकते."

परतीच्या गाडीत मुदखेड आलं तसे आप्पा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पोरी, ती दोघं एकाच शाळेत जातेत ना? अयान सुजला की प्रनिता त्याचं दप्तर घिऊन जाती. ती सुजली की हा. मघाशी बाहेर दोघांनी मला सांगितलं. तुमच्या वहीत हे कुठं लिवतेत?"

आमच्या वहीत लघवीच्या रंगाला, वजनाला, तापाला रकाना आहे. मी सगळी पानं मनातल्या मनात उलटून पाहिली; दप्तराला रकाना नव्हता. तसं सांगायला वळले, तर बसल्या बसल्या आप्पांचा डोळा लागला होता.